मुकी फळी

१

सोमवारी सकाळी आठ वाजता कामगार करवती घेऊन आले, तर त्यांचं काम कुणीतरी आधीच करून गेलं होतं. जुन्या हॉलच्या लाकडी जमिनीत, डाव्या बास्केटसमोर, हातभर लांब आणि वीतभर रुंद असं भोक पडलं होतं. आतून खालचं सिमेंट दिसत होतं.

दुसऱ्या एखाद्या गावात लोक म्हणाले असते, नेली तर नेली फळी. गिरेनायची गोष्ट वेगळी होती. कारखाना बंद पडून वीस वर्षं झाली, तरणी पोरं आयर्लंड-नॉर्वेला गेली, शाळेचे दोन वर्ग एका खोलीत आले. पण देशाच्या पहिल्या श्रेणीच्या बास्केटबॉल लीगमध्ये गावाचा संघ, झाल्वारिस, अजून तग धरून होता. ती लीग त्याने एकदाच जिंकली, नव्याण्णव साली. शेवटचे आठ सेकंद उरलेले, दोन गुणांनी मागे, आणि वाइदोतासने तीन गुणांच्या रेषेबाहेरून फेकलेला तो चेंडू. त्या एका चेंडूवर गिरेनायची माणसं पंचवीस वर्षं जगत होती. बारशाला आणि मयताला बोलायला विषय तोच.

आता संघ नव्या हॉलमध्ये जायचा होता. जुना पाडण्याआधी वाइदोतास जिथे उभा होता तेवढी जमीन कापून नव्या हॉलच्या दाराशी काचेखाली ठेवायचं ठरलं होतं. देणगीदारांनी त्या काचेवर आपली नावंसुद्धा कोरून घेतली होती.

क्लबच्या व्यवस्थापकाने, रीतिसने, पोलिसांच्या आधी स्तासेला फोन केला. स्तासे अडुसष्ट वर्षांची. चौतीस वर्षं ती मैदानाकडेच्या टेबलाशी बसून कोणी कुठून चेंडू फेकला त्याच्या खुणा कागदावर करत असे. संगणक आले आणि ती घरी बसली. पण जुने कागद तिच्या कपाटात होते, आणि तिचा शब्द गावात शेवटचा होता. तोही तिने कमावलेला. एकदा गावच्याच संघाची बास्केट वेळ संपल्यावर पडली, असं तिने पंचांना उठून सांगितलं, आणि मग महिनाभर शेजारीण तिच्याशी बोलली नव्हती.

"स्तासेबाई, चोर चुकला की मी चुकलो, एवढंच मला सांगा," रीतिस म्हणाला.

त्याचं म्हणणं असं. जुनी फिल्म दहादा पाहून त्याने शुक्रवारी खडूने फुली मारली होती, रेषेच्या अगदी बाहेर, कारण फिल्ममध्ये वाइदोतासचे बूट रेषेला खेटून बाहेर दिसतात. शनिवारी या हॉलमधला शेवटचा सामना झाला आणि खेळाडूंच्या बुटांनी फुली पुसून टाकली. आणि आता भोक होतं ते रेषेच्या आत, चांगलं अर्धा मीटर आत. तिथून फेकलेल्या चेंडूला दोनच गुण मिळतात. म्हणजे चोर गाढव तरी असणार, नाहीतर रीतिसला माहीत नसलेलं काहीतरी त्याला माहीत असणार. दार फोडलेलं नव्हतं. किल्ली होती हॉल राखणाऱ्या एकट्या झेनोनासकडे. खरी फळी गेली असेल तर पोलीस येणार, आणि झेनोनासला नव्या हॉलमध्ये पाऊल टाकता येणार नाही.

झेनोनास तिथेच टोपी हातात धरून उभा होता. एकतीस वर्षं त्याने ही जमीन पुसली, घासली, तिला तेल दिलं. बायको गेल्यापासून त्याला बोलायला ही जमीनच होती. नव्या हॉलची जमीन आपल्या हाती येणार, या एका आशेवर तो उन्हाळाभर पोरासारखा हसतमुख फिरत होता. आज त्याचा चेहरा पडला होता.

स्तासेने एक चेंडू मागितला. गुडघे कुरकुरले, पण तिने भोकाच्या चारी बाजूंनी तो आपटून पाहिला. प्रत्येक वेळी चेंडू नीट उसळून हाताशी आला.

मग ती रेषेकडे बघत राहिली, आणि तिच्या लक्षात आलं. ती रेषा नव्याण्णव सालची नव्हतीच. दोन हजार दहा साली जगभर तीन गुणांची रेषा अर्धा मीटर मागे सरकवली होती. झेनोनासने तेव्हा जमीन तासून नव्याने रंगवली होती. वाइदोतास जुन्या रेषेबाहेर उभा होता, म्हणजे आजच्या रेषेच्या आत. राजधानीहून गावात आलेल्या या उंटावरच्या शहाण्याने, रीतिसने, फिल्म दहादा पाहिली, पण रेषा कुठली ते पाहिलं नाही.

चोर चुकला नव्हता.

"कागद शोधायला दोन दिवस लागतील," ती रीतिसला म्हणाली. चौतीस वर्षांत तिला कुठला कागद शोधायला दोन मिनिटांच्या वर लागली नव्हती.

२

त्या जागेला आणखी एक गुपित होतं. जुन्या लाकडी जमिनीत एखादी फळी खालून पोकळ होते, आणि तिच्यावर चेंडू पडला की उसळतच नाही, धप्पकन बसतो. झाल्वारिसचे खेळाडू तिला मुकी फळी म्हणत. संघात नवा गडी आला की जुने त्याला तिथे नेऊन उभा करत, चेंडू आपटायला लावत आणि बाहेर बोलणार नाही अशी शपथ घालत. स्तासेला कुणी सांगितलं नव्हतं, पण टेबलाशी बसून बसून तिच्या कानांना कळलं होतं. चेंडूचा आवाज मध्येच एकदा गळायचा.

नव्याण्णव साली तेच झालं होतं. समोरच्या संघाचा गडी वेळ काढत चेंडू टप्पे देत आणत होता. गिंतास नावाच्या आपल्या गड्याने त्याला खांद्याने रेटत रेटत बरोबर त्या फळीवर नेलं. चेंडू बसला. वाइदोतासने उचलला आणि तिथूनच फेकला. लोकांनी वाइदोतासला खांद्यावर घेतलं. गिंतासचं नाव पुढे कुणी घेतलं नाही.

आता भोकाभोवती चेंडू सगळीकडे उसळत होता. म्हणजे जी गेली ती मुकी फळीच. अलीकडे संघात येणारे परदेशी गडी वर्षभर राहतात आणि जातात. त्यांना ना शपथ घातली जाते ना फळी दाखवली जाते. रीतिसला तर तिचा पत्ताच नव्हता.

झेनोनासला मात्र होता. स्तासेने त्याला त्याच्या खोलीत गाठलं. तो चहा करत होता, आणि साखर घालायची दोनदा विसरला.

"तुला बघताक्षणी कळलं ना, की जागा बरोबर आहे?" तिने विचारलं.

"मी काय, जमीन पुसणारा माणूस."

"रीतिसला रेषेचं का नाही सांगितलंस?"

त्यावर तो ताकास तूर लागू देईना. किल्लीबद्दल विचारलं तर म्हणाला, एक आपल्या खिशात, दुसरी दाराबाहेर आग विझवण्याच्या वाळूच्या बादलीमागे, तीस वर्षं तिथेच. हे कुणाकुणाला ठाऊक आहे, तर जो जो इथे खेळला त्याला. पहाटे सरावाला पोरांना थंडीत ताटकळत ठेवायचं का, असं त्यानेच उलट विचारलं. रविवारी सकाळी तो चर्चमध्ये होता, पुढून तिसऱ्या बाकावर. प्रार्थना संपून परत येईतो बराच वेळ गेला होता, पण तो हॉलमध्ये डोकावला नव्हता. रिकामा हॉल बघवत नव्हता, म्हणाला.

स्तासेने निघताना भोकाच्या कडा बोटांनी चाचपल्या. करवत तिरकी गेली होती, शेजारच्या दोन फळ्यांना चरे पडले होते. झेनोनासने ती फळी सांध्यातून अलगद उपसली असती. या जमिनीला ओरखडा काढण्याआधी त्याने स्वतःचा हात कापून घेतला असता. पण हे रीतिसला पटवून द्यायचं तर दुसरं नाव द्यावं लागलं असतं, आणि झेनोनासला ते नाव ठाऊक होतं, हे त्याच्या बिनसाखरेच्या चहावरून स्तासेला कळून चुकलं.

३

हॉलच्या भिंतीला भिंत लावून ब्रोनेचं घर. तिचा पाय अधू, म्हणून रविवारची प्रार्थना ती रेडिओवर ऐकते. स्तासे गेली तेव्हा तिने आधी पायाचं, मग सुनेचं, मग भाड्याचं गाऱ्हाणं गायलं, आणि शेवटी विचारलं, काय गं, रविवारी सकाळी हॉलमध्ये कोण पोरगं खेळत होतं? रेडिओवर पाद्रीबाबा बोलत असताना यांचं आपलं चेंडू आपटणं.

स्तासेने खुर्ची पुढे ओढली. खेळत होतं म्हणजे कसं, ठकठक ठकठक?

"नाही गं. खेळणारा असा खेळतो का? एकदा वाजवायचा, थांबायचा. पुन्हा एकदा वाजवायचा, थांबायचा. डॉक्टर छातीवर बोट आपटून बघतो ना, तसं. मग एकदा नुसतंच धप्प झालं, आणि त्यानंतर चेंडू वाजलाच नाही. थोड्या वेळाने करवत सुरू झाली. मला वाटलं, कामगार रविवारीच आले, देवाधर्माचं काही राहिलंच नाही."

स्तासे घरी जाऊन स्वयंपाकघरात बसून राहिली. झेनोनासला ती फळी डोळे मिटून सापडली असती, चेंडूची गरजच नव्हती. रीतिसला फळी शोधायला चेंडू आपटायचं सुचलंच नसतं. फळी आहे हे ठाऊक, पण जमीन नव्याने रंगवल्यावर नेमकी कुठे ते डोळ्यांना ओळखू न येणारा, असा माणूस हवा होता. दोन हजार दहाच्या आधी खेळून थांबलेला. आणि बादलीमागची किल्ली माहीत असलेला.

तिच्यासाठी चोरी करावी इतकं तिचं मोल नव्याण्णवच्या संघालाच असणार, आणि त्यात बारा जण होते. दोघे वारले, नऊ जण परदेशी किंवा राजधानीत. गावात राहिला होता एकच, ज्याचं नाव पुढे कुणी घेतलं नाही तो.

याच स्वयंपाकघरात वाइदोतास लहानाचा मोठा झाला होता. त्याची आई एल्झे शेजारी राहायची आणि कारखान्यात पाळ्या करायची, म्हणून पोर इथे जेवायचं. बिटाचं गार सार आणि वाफाळते बटाटे. जेवता जेवता स्तासे त्याच्याकडून गणितं सोडवून घ्यायची, आणि तो भागाकार चुकला की टेबलाखाली चेंडू पायाने लोळवत बसायचा. नव्याण्णवनंतर तो स्पेनला गेला. पुढच्या उन्हाळ्यात येतो म्हणाला. सात उन्हाळे तसंच म्हणत राहिला, आणि एकतिसाव्या वर्षी सरावात खाली कोसळला तो उठलाच नाही. बायको तिकडची. तिने त्याची राख समुद्रात सोडली. एल्झे त्यानंतर वर्षभरही टिकली नाही.

मृतांच्या दिवशी सगळं गाव आपापल्या कबरींवर मेणबत्त्या लावतं. स्तासेला वाइदोताससाठी मेणबत्ती लावायला जागाच नव्हती. दरवर्षी ती कब्रस्तानाच्या मधल्या मोठ्या क्रुसापाशी, दूर पुरलेल्यांसाठी लावतात तिथे, घाईने एक लावून यायची. त्या गर्दीत आपली मेणबत्ती कुठली तेही परत वळल्यावर कळत नसे.

४

मंगळवारी ती गिंतासच्या भट्टीवर गेली. तो राय नावाच्या धान्याची काळी भाकरी भाजतो, आणि अर्ध्या जिल्ह्यात स्वतः गाडीने पोचवतो. माणूस इतका नेटका की गाडीत पिठाचा कण खपत नाही. गिऱ्हाइकं त्याला चेष्टेने सर्जन म्हणतात. गाडी मागच्या अंगणात दार उघडं टाकून उभी होती. स्तासेने आत वाकून पाहिलं. तळाच्या पत्र्यावर पिवळी वाळू सांडली होती.

ती वाळू गावात एकाच ठिकाणी मिळते. मृतांच्या दिवसाआधी कब्रस्तानाच्या फाटकाशी तिचा ढीग टाकलेला असतो, लोक बादल्या भरून नेतात आणि कबरींवर पसरतात. गिंतास मात्र इथला नव्हेच. त्याची सगळी माणसं दोनशे किलोमीटरवर पश्चिमेला पुरलेली आहेत. या गावात वाळू घालायला त्याची एकही कबर नव्हती.

"कुणाच्या कबरीवर घातलीस रे?" तिने विचारलं.

गिंतासने हातातलं फडकं खाली ठेवलं. पन्नाशीचा आडमाप गडी, पण क्षणभर चूक पकडलेल्या पोरासारखा दिसला. तो नाही म्हणाला नाही. टोपी घातली, गाडीचं पुढचं दार तिला उघडून दिलं, आणि दोघं कब्रस्तानात गेली.

एल्झेच्या कबरीवरची वाळू नुकतीच पसरलेली होती, वर दाताळ्याने सरळ रेघा आखलेल्या. गिंतासने वाकून एका बाजूची वाळू हाताने सारली. खाली फळी होती, जमिनीच्या पातळीत बसवलेली, आईच्या शेजारी, जिथे मुलासाठी जागा राखलेली होती तिथे.

"मावशी, त्याचा फोन यायचा ना, तेव्हा तो दुसरं काही विचारायचाच नाही," गिंतास म्हणाला. "ना माझी पोरं, ना भट्टी. एकच. गिंतास, मुकी फळी अजून आहे का रे? मी म्हणायचो, आहे. मग म्हणायचा, ठेव, मी आलो की तिच्यावर एकदा उभा राहणार आहे. शेवटच्या फोनलासुद्धा हेच."

त्याने हाताला लागलेली वाळू झटकली. मग तो म्हणाला, काचेखाली ठेवणार होते तिला, वर साबणवाल्याचं आणि विमेवाल्याचं नाव. लोक त्यावरून बूट घेऊन जाणार. "म्हटलं, तो नाही येऊ शकला, तर निदान ती तरी त्याच्या घरी पोचवावी."

लोक तुझं नाव विसरले म्हणून नाही ना नेलीस, असं स्तासेने विचारलं, कारण विचारणं भागच होतं. गिंतास हसला. म्हणाला, लोक विसरले ते बरंच झालं. ज्याला आठवायला हवं होतं तो दर महिन्याला फोन करत होता.

झेनोनासवर आळ आला आहे हे त्याला माहीतच नव्हतं. ऐकलं तसा तो ताडकन उठला. आत्ताच्या आत्ता रीतिसकडे जाऊन सांगतो, म्हणाला. म्हाताऱ्याची भाकरी हिसकावून मेलेल्याला देणार नाही.

त्याचं बरोबरच होतं. पण त्याने सांगून टाकलं, तर फळी इथून उपटून काचेखाली जाणार, हेही तितकंच खरं होतं. स्तासे वाळूवर पुन्हा हाताने रेघा ओढत राहिली. अठरा वर्षांत पहिल्यांदा त्या पोराचा पत्ता तिला सापडला होता.

"उद्या दुपारपर्यंत तोंड उघडू नकोस," ती म्हणाली.

५

बुधवारी ती कागद घेऊन गेली. नव्याण्णवच्या अंतिम सामन्याचा, कडा पिवळ्या पडलेला, छापील मैदानाचा आराखडा आणि त्यावर पेन्सिलीच्या खुणा. शेवटची फुली ठळक होती. तेव्हाच्या आरड्याओरड्यात ती दोनदा गिरवली गेली होती. झेनोनास दाराशी उभा होता. आज त्याने टोपी घडी घालून खिशात ठेवली होती, निरोप घ्यायला आल्यासारखी.

रीतिसने कागदावर बोट ठेवलं. फुली रेषेच्या अगदी बाहेर होती. त्याने खिडकीतून मैदानावरच्या रेषेकडे पाहिलं, पुन्हा कागदाकडे पाहिलं, आणि त्याचा चेहरा उजळला.

"म्हणजे माझीच जागा बरोबर. चोर चुकला."

कागद खरा होता. फुली खरी होती, रेषाही त्या काळची खरी. फक्त एक वाक्य बोलायचं राहिलं होतं, आणि ते बोलणारं माणूस गावात एकच होतं. चौतीस वर्षं जिने एक गुण इकडचा तिकडे होऊ दिला नाही, तिच्या जिभेवर ते वाक्य आलं होतं. तिला टेबलाखाली लोळणारा चेंडू आठवला.

"कागदावर फुली रेषेबाहेर आहे," स्तासे म्हणाली. "मी केलेली आहे."

रीतिस पोट धरून हसला. दोन गुणांची फळी चोरली गाढवाने, म्हणाला. पाडायच्या हॉलमधल्या फुकटच्या लाकडासाठी पोलीस कशाला बोलवायचे? त्याने कामगारांना रेषेबाहेरची जमीन कापायला सांगितली, आणि झेनोनासला म्हणाला की सोमवारपासून नव्या हॉलवर या, तिथल्या जमिनीला पहिलं तेल तुमच्याच हातून लागू दे.

झेनोनास तिला सोडायला फाटकापर्यंत आला. निरोप घेताना त्याने तिचा हात दोन्ही हातांत धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

त्या रात्री स्तासेने तो कागद कपाटात परत ठेवला, पण तिला झोप लागली नाही. खोटं बोलले नाही, असं तिने स्वतःला समजावून पाहिलं. ते तिला पटलं नाही. मग तिने मान्य केलं की आपण खोटेपणा केला, आणि वेळ आली तर पुन्हा करू.

नवा हॉल उघडला. दाराशी काचेखाली तो तुकडा ठेवला, त्यावर रेषेचा पांढरा बाक अगदी स्पष्ट. शाळेच्या सहली आल्या, परदेशी गड्यांनी फोटो काढले. गावातले म्हातारे काचेपाशी थांबत, पांढऱ्या रेघेकडे बघत, एकमेकांकडे बघत आणि आत जाऊन बसत. स्तासेला दर वेळी धास्ती वाटे, की आता कुणीतरी बोलणार. कुणी काही बोललं नाही.

पुढच्या वर्षी मृतांच्या दिवशी रीतिस आपल्या माणसांच्या कबरींसाठी राजधानीला गेला. चार वाजता अंधारून यायला लागलं, तशी स्तासे काचेच्या भांड्यातली मेणबत्ती घेऊन एल्झेच्या कबरीकडे निघाली. गेल्या वर्षीसारखी गिंतासची एक तिथे असेल, झेनोनासची एक, आपली तिसरी, असा तिचा हिशेब होता.

वळण घेतलं आणि ती थांबली. कबरीभोवती उजेडच उजेड होता. सवयीने तिने मोजायला सुरुवात केली. चाळीसपर्यंत आली आणि मग डोळे भरून आले, तिला पुढचं मोजता येईना. ब्रोने काठी टेकत आली होती. महिनाभर न बोललेली ती शेजारीण आली होती. शनिवारच्या सामन्यांना मागच्या बाकांवर बसणारे म्हातारे टोप्या काढून उभे होते. झेनोनास कडेची वाळू सारखी करत होता.

"यांना कुणी सांगितलं?" स्तासेने हळूच विचारलं.

"कुणी नाही," झेनोनास म्हणाला. "पावसाने फळी उघडी पाडली, ती दिसली लोकांना. आणि रेषा सरकली ते गावाला आठवतं गं. तुझ्या एकटीलाच आठवतं, असं वाटलं का तुला?"

लोकांनी तिला वाट करून दिली. वर्षभराच्या पावसाने वाळू खचून फळी उघडी पडली होती, धुऊन स्वच्छ झाली होती. स्तासे गुडघे टेकून बसली, मेणबत्ती तिच्याजवळ ठेवली आणि फळीवर हात फिरवला.

"आहे रे बाळा," ती म्हणाली. "अजून आहे."